अंधारीतलं भूत, उजेडातले खून

पाथरीच्या एका कुलकर्णी घराण्याची गादी दौलताबादच्या किल्ल्यात बुडाली, हे आमच्या परभणी जिल्ह्यात फारसं कोणी बोलत नाही. पाथरी म्हटलं की हल्ली साईबाबांचं जन्मस्थान आठवतं, आणि त्या वादावरून जानेवारी २०२० मध्ये शिर्डीनं पाळलेला बंद. त्यामागची चार-पाचशे वर्षं लोकांच्या बोलण्यातून निघूनच गेली आहेत.

फिरिश्ता हा इतिहासकार काही काळ अहमदनगरच्या दरबारात होता. त्याची हकिगत अशी. बहमनी सुलतान अहमदशहाच्या स्वारीत विजयनगरच्या मुलखात एक ब्राह्मण पोरगा पकडला गेला. त्याचं नाव तिमाभट, बापाचं बहिरू, आणि घराणं मूळचं पाथरीच्या कुलकर्ण्यांचं. पोराला मुसलमान करून मलिक हसन नाव दिलं. तो हुशार निघाला, चढत चढत निजाम-उल-मुल्क या किताबापर्यंत गेला. त्याचा मुलगा मलिक अहमद १४९० मध्ये बहमनी राज्यातून फुटून स्वतंत्र झाला आणि त्यानं अहमदनगर वसवलं. निजामशाही ती हीच.

या अहमदचा मुलगा बुऱ्हाण. त्याला आपल्या पूर्वजांचं गाव हवं होतं. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. बुऱ्हाणच्या दरबारातून इमादशहाला निरोप गेला की पाथरी द्या, बदल्यात जास्त वसुलाचा मुलूख घ्या. इमादशहानं नकार दिला आणि उलट पाथरीचा कोट मजबूत करायला घेतला. १५१८ मध्ये निजामशाही फौजेनं अचानक येऊन पाथरी घेतली. पुढं ती हातची गेली, पुन्हा घेतली, आणि या खेपेला बुऱ्हाणनं कोट जमीनदोस्त करून गाव आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिलं, असं फिरिश्ता लिहितो. भुताला राहायला एक जुनी, पडकी, शिपायांनी सोडून दिलेली इमारत लागते. पाथरीत ती सोय घरच्याच माणसानं मोडून टाकली.

तरी भुतांना लागेल एवढं रक्त या मुलखात सांडलेलं आहे. १५९७ च्या सुरुवातीला पाथरीपासून बारा कोसांवर, आष्टीच्या रानात, दोन मोठ्या फौजा भिडल्या. एका बाजूला विजापूर, गोवळकोंडा आणि अहमदनगर यांची एकत्र फौज, सरदार सुहेलखान. दुसऱ्या बाजूला मोगल, त्यांचा सेनापती अब्दुर्रहीम खानखानान, म्हणजे दोह्यांचा कवी रहीम. मोगलांच्या मदतीला खानदेशचा राजा अलीखान फारुकी आला होता. लढाई दिवसभर चालली. अंधार पडला तेव्हा कोण जिंकलं ते कोणालाच कळेना. दोन्हीकडच्या उरल्यासुरल्या टोळ्या एकमेकींपासून थोड्याच अंतरावर, समोर कोण आहे याचा पत्ता नसताना, रात्रभर तिथंच राहिल्या. राजा अलीखान कुठं दिसेना, तेव्हा तो पळाला नाहीतर फितूर झाला असं ठरवून मोगलांनी त्याचीच छावणी लुटली. सकाळी तो सापडला. आपल्या सरदारांसह लढून तो कधीच मेला होता, आणि त्याच्या प्रेताभोवती त्याची माणसं पडली होती.

मेल्यावर ज्याच्यावर बेइमानीचा आळ आला तो माणूस भूत व्हायला सर्वांत लायक. पण आष्टीच्या रानात राजा अलीखानाचं भूत फिरतं असं मी कधी ऐकलं नाही. उघड्या शेतात भूत टिकत नाही बहुधा; नांगर फिरतो, हरभरा पेरतात, पाट येतो. मग मी निजामशाहीचा जिथं शेवट झाला तिथं, दौलताबादला जायचं ठरवलं. त्या किल्ल्यावर भुतांना जागाही आहे आणि सांगणारेही आहेत.

पाथरीला रेल्वे नाही. मानवत रोड किंवा सेलू गाठावं लागतं. हैदराबादहून मनमाडला जाणारा हा मार्ग निजामाच्या राजवटीत १९०० च्या आसपास सुरू झाला. परतूर, जालना, बदनापूर करत गाडी छत्रपती संभाजीनगरला पोचते. दौलताबाद नावाचं स्टेशन त्यापुढं आहे, पण तिथं सगळ्या गाड्या थांबत नाहीत आणि उतरलं तरी किल्ला लांब पडतो. शहरात उतरून वेरूळ-खुलताबादकडं जाणारी एसटी किंवा काळी-पिवळी धरणं सोपं. पंधरा किलोमीटरच्या आसपास अंतर.

सेलूला एक म्हातारे गृहस्थ समोर येऊन बसले. जालन्याला बियाण्याच्या कामाला निघाले होते. कुठं जाताय म्हणून विचारलं, मी सांगितलं. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि आवाज खाली आणला.

"अंधारीत जाणार का?"

"जाणार की."

"मग एकटं नका जाऊ. आमच्या चुलत्याला तिथं चकवा लागला होता. पुढचा माणूस हाताच्या अंतरावर, अन् आवाज मागून यायला लागला."

"मागून कोण बोलत होतं?"

"कोण म्हणून काय सांगू बापा. शिपाईच असंल. खवीस म्हणा."

मी म्हटलं, दादा, बोगद्यात आवाज असा फिरतोच. ते हसले. "फिरतो ना. पण चुलता तीन दिवस तापानं फणफणला, ते कशानं?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि परतूर येईपर्यंत त्यांनी मला आणखी दोन खवीस, एक मुंजा आणि एक झोटिंग यांची ओळख करून दिली.

मराठी मुलखातली भुतं नीट पाहिली तर त्यांतली निम्मी लष्करी पेशाची वाटतात. खवीस बिनमुंडक्याचा असतो. माणसाचं मुंडकं घरगुती भांडणात सहसा उडत नाही, रणात उडतं. वेताळाची स्वारी अमावस्येला पलिते पेटवून, ढोल-कर्ण्यांसह शिवेवरून जाते आणि वाटेत आलेल्याला सोबत ओढून नेते. रात्रीच्या कूचमध्ये गावावरून जाणारी फौज, तिच्या मशाली, वेठीला धरून नेलेली गडीमाणसं, हे ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं त्यांना वेताळाची पालखी सुचायला फार कल्पनाशक्ती लागली नसेल. गोदावरीच्या दोन्ही काठांनी तीनशे वर्षं फौजा येत-जात होत्या. चकवा मात्र निराळा. त्याला रूप नाही, आवाज नाही; तो फक्त वाट चुकवतो. दौलताबादच्या बांधकाम करणाऱ्यांनी हाच चकवा दगडात कोरून ठेवला आहे.

किल्ला लांबूनच दिसतो. सपाटीवर उठलेला एकच सुळका, वर निमुळता, आणि कमरेपासून खाली सरळ तासून काढलेला. यादवांनी बाराव्या शतकाच्या शेवटी इथं देवगिरी वसवली. डोंगराचा पायथा छिन्नी-हातोड्यानं उभा कापलाय, भोवती खडकातच खंदक खोदलाय. बाहेरून आत तीन तटबंद्या: अंबरकोट, महाकोट, काळाकोट. महाकोटाच्या दरवाजांतून जाताना वळणावर वळणं येतात, दारांवर हत्तीला रोखणारे अणकुचीदार खिळे अजून आहेत. उजव्या हाताला चांदमिनार. बहमनी सुलतान अलाउद्दीननं १४४५ मध्ये उभारलेला, साठ मीटरांहून उंच. डावीकडं यादवकालीन खांब वापरून १३१८ मध्ये बांधलेली मशीद, जिथं आता भारतमातेची मूर्ती आहे. ही सगळी ठिकाणं पर्यटक फोटो काढत झपाझप ओलांडतात, कारण प्रत्येकाच्या डोक्यात अंधारीच असते. मीही त्यांतलाच.

खंदकावर पूल आहे. मार्गदर्शक इथं थांबून मगरींची गोष्ट सांगतात. पुलापलीकडं चढून गेलं की अंधारीचं तोंड लागतं. हा डोंगराच्या पोटातून वर जाणारा, खडकात कोरलेला जिना. आत शिरताच चार पावलांत उजेड संपतो आणि वटवाघळांचा उग्र दर्प नाकात भरतो. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. एक घोट्याएवढी, पुढची गुडघ्याच्या जवळ. त्यामुळे अंधारात पाय सवयीनं पडत नाही. प्रत्येक पाऊल चाचपून टाकावं लागतं. वाट वळते, पुन्हा वळते, आणि थोड्या वेळानं आपण डोंगराच्या कोणत्या बाजूला तोंड करून आहोत ते सांगता येत नाही. एके ठिकाणी बाजूनं फिकट उजेड येतो. माणूस साहजिक तिकडं ओढला जातो. तिथं भोक आहे, आणि भोकाखाली खंदक. शत्रूचा शिपाई उजेडाकडं धावावा आणि खाली पडावा अशी ती योजना, असं मार्गदर्शक सांगतात. जिन्याच्या वरच्या तोंडाला लोखंडी झाकण बसवण्याची सोय होती. त्यावर आग पेटवली की आतला माणूस धुरानं आणि धगीनं गुदमरायचा. वरून उकळतं तेल ओतण्याचाही मजकूर ऐकायला मिळतो.

आमच्या पुढं शाळेची सहल होती. मार्गदर्शकानं मशाल विझवली आणि पोरांना गप्प राहायला सांगितलं. पोरं अर्थातच गप्प राहिली नाहीत, पण त्यांच्या ओरडण्याचे प्रतिध्वनी पुढून गेले आणि मागून आले. सेलूच्या म्हाताऱ्यांचा चुलता मला तेव्हा पटला. मग मार्गदर्शकानं ठरलेली गोष्ट काढली. रात्री इथं तलवारींचा आवाज येतो, आत मेलेले शिपाई आपसांत लढत असतात, कारण अंधारात आपला कोण आणि परका कोण ते त्यांना अजून कळलेलं नाही. गोष्ट चांगली आहे. अंधारात आपल्याच माणसावर वार होणं ही या वाटेची खरी लष्करी युक्ती होती. भुतांनी ती फक्त पुढं चालू ठेवली.

मोठी गंमत अशी की अंधारी चढून, लढून कोणी हा किल्ला घेतल्याचं वर्णन माझ्या वाचनात नाही. दौलताबाद पडला तो दरवेळी भुकेनं, फितुरीनं नाहीतर तहानं. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी आला तेव्हा यादव राजा रामदेवरायानं घाईघाईत गडावर गोण्या चढवल्या, आणि त्यांत धान्याऐवजी मीठ निघालं असं फिरिश्ता सांगतो. मिठाच्या गोण्यांवर किती दिवस लढणार? पाथरीकरांच्या मलिक अहमदनं हा किल्ला घेण्यासाठी दर हंगामाला येऊन आसपासची उभी पिकं लुटण्याचा परिपाठ ठेवला आणि १४९९ मध्ये किल्ला त्याच्या हाती आला. १६३३ मध्ये मोगल सरदार महाबतखानानं वेढा घातला, सुरुंग लावून बाहेरचे कोट फोडले. पण आतल्या काळाकोटात बसलेला वजीर फत्तेखान, मलिक अंबरचा मुलगा, जून महिन्यात शरण आला तो अन्नावाचून. अंधारीतली लोखंडी झाकणं, विषम पायऱ्या, फसवा उजेड यांची परीक्षा घ्यायला शत्रू तिथवर पोचलाच नाही. ज्या जागेबद्दल सर्वांत जास्त भुतं सांगितली जातात तिथं कोणी नावानिशी मेल्याची नोंद सापडणं कठीण.

नावानिशी मेले ते वेगळ्याच जागी, आणि बहुतेक दिवसाढवळ्या.

रामदेवरायाचा जावई हरपालदेव यानं खिलजींचं जोखड झुगारलं. १३१८ मध्ये सुलतान कुतुबुद्दीन मुबारकनं त्याला पकडून जिवंत सोलायला लावलं आणि देवगिरीच्या वेशीवर टांगलं. हे अंधारात झालेलं नाही. सगळ्या गावानं पाहावं म्हणून केलेलं आहे.

त्यानंतर नऊ वर्षांनी महंमद तुघलकानं राजधानीच दिल्लीहून इथं आणली आणि गावाचं नाव दौलताबाद ठेवलं. चाळीस दिवसांच्या वाटेवर माणसं किती मेली याचा हिशेब नाही. इब्न बतूता एका आंधळ्याची गोष्ट सांगतो. दिल्लीत मागं राहिलेल्या या आंधळ्याला ओढत दौलताबादला न्यायचा हुकूम झाला, आणि पोचला तो फक्त त्याचा एक पाय. इतिहासकार ही ऐकीव अतिशयोक्ती मानतात, आणि ती असणारच. पण अशी अतिशयोक्ती लोक ज्याच्याबद्दल करतात त्या राजाच्या प्रजेची मनःस्थिती तिच्यातून कळते.

हाच बतूता १३४२ च्या सुमारास दौलताबादला होता. त्यानं लिहिलेली किल्ल्याची हकिगत मला आजवर वाचलेल्या कोणत्याही भूतकथेपेक्षा जास्त अस्वस्थ करते. वर जायला तेव्हा चामड्याची शिडी होती आणि रात्री ती वर ओढून घेत. किल्ल्यात मोठ्या गुन्हेगारांसाठी खड्ड्यासारखे तुरुंग होते, आणि त्यांत उंदीर होते, मांजरांहून मोठे. मांजरं त्यांना घाबरून पळत. मलिक खत्ताब नावाच्या अफगाण सरदारानं बतूताला स्वतः सांगितलं की त्याला 'उंदरांचा खड्डा' म्हणतात त्यात टाकलं होतं. रात्र झाली की उंदीर त्याला खायला जमत आणि तो त्यांच्याशी झुंजत राही. एका रात्री स्वप्नात कोणी येऊन त्याला कुराणातली एक सूरा लाख वेळा म्हणायला सांगितली. ती पुरी झाल्यावर तो सुटला. पण सुटकेचं कारण असं, की शेजारच्या खड्ड्यातला कैदी आजारी पडला आणि उंदरांनी त्याची बोटं आणि डोळे खाल्ले. ते कानावर गेल्यावर सुलतान म्हणाला, खत्ताबला बाहेर काढा, नाहीतर त्याचंही तेच होईल. प्रार्थनेनं सुटला की शेजाऱ्याच्या डोळ्यांनी सुटला, याचा निवाडा बतूता करत नाही. हा खड्डा नेमका कुठला ते आज कोणी दाखवत नाही. दाखवला असता तर अंधारीची गर्दी तिकडं वळली असती.

आणि मग लखुजी जाधवराव. सिंदखेडचे हे मातब्बर सरदार, जिजाऊंचे वडील. जुलै १६२९ मध्ये ते मुलांसह दौलताबादेत मुर्तजा निजामशहाच्या दरबारात मुजऱ्याला आले. सुलतान उठून आत गेला आणि दबा धरून बसलेले मारेकरी तुटून पडले. लखुजीराव, त्यांचे मुलगे अचलोजी आणि राघोजी, नातू यशवंतराव असे चौघेही त्या दरबारात कापले गेले. जिजाऊ तेव्हा गरोदर होत्या. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराजांचा जन्म झाला. म्हणजे महाराजांच्या आजोबांचा खून या किल्ल्यात, त्यांच्या जन्माआधी सात महिने. मुर्तजालाही पुढं त्याच्याच वजिरानं, त्याच फत्तेखानानं संपवलं. १६३३ मध्ये गादीवर एक पोर होतं, हुसेन नावाचं. मोगलांनी त्याला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत नेऊन ठेवलं. पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या वंशातली इथली राजवट इथं संपली.

लखुजीरावांची किंकाळी ऐकू येते असं मला किल्ल्यावर कोणीच सांगितलं नाही. मी मुद्दाम विचारलं. मार्गदर्शकाला खून माहीत होता, त्यानं तो दोन वाक्यांत सांगितलाही. पण त्याच्या भूतकथांच्या यादीत तो नव्हता. का नसावा? मला वाटतं, या माणसाला मेल्यावर जाब मागणारा वंश मिळाला. नातवानं राज्यच उभं केलं. ज्याचा सूड कोणी घेतला त्याला भूत होऊन फिरावं लागत नाही, असा लोकांच्या मनाचा हिशेब दिसतो. अंधारीतल्या शिपायांना वारसच नाही. म्हणून ते अजून लढतायत.

शनिवारवाड्याची गोष्ट याच्या उलट. तिथल्या भुताला नाव, गाव, वय सगळं आहे. नारायणराव पेशवे, अठरा वर्षांचे, ३० ऑगस्ट १७७३ ला गारद्यांनी मारले. "काका, मला वाचवा" ही हाक पौर्णिमेच्या रात्री ऐकू येते असं अवघा महाराष्ट्र सांगतो. पंचांग काढून पाहिलं तर त्या दिवशी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी होती, पौर्णिमा नव्हे. आणि खून भर दुपारी झाला. पुढं लोकांनी त्याला रात्र दिली, चंद्र दिला. दुपारच्या उन्हात, नोकरचाकर वावरत असताना, गणपतीच्या दिवसांत पेशव्याचा खून होऊ शकतो, ही गोष्ट रात्रीच्या हाकेपेक्षा जास्त भीतीदायक आहे. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावाला देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, पण ते कधी अमलात आलं नाही. म्हणून नारायणराव अजून हाका मारतो. वर केलेल्या माझ्या तर्काला हा चांगला आधार आहे.

अंधारीतून वर निघालं की डोळे दिपतात. इथून पुढं उघड्या पायऱ्या, वानरं, आणि दमून बसलेली कुटुंबं. माथ्याजवळ एका गुहेत जनार्दनस्वामींचं स्थान आहे. हे निजामशाहीतले इथले किल्लेदार आणि संत एकनाथांचे गुरू. पैठणचा लहानगा एकनाथ घरून निघून थेट या किल्ल्यावर आला आणि इथंच शिकला. एकदा स्वामी समाधीत असताना शत्रू चालून आला, तेव्हा एकनाथांनी गुरूचं चिलखत चढवून शिपायांचं नेतृत्व केलं अशी आख्यायिका आहे. पुढं भारुडं लिहिताना नाथांनी भुतालाही आत घेतलं. त्यांच्या भारुडात झपाटणारं भूत म्हणजे खुद्द विठ्ठल. किल्लेदाराच्या घरी वाढलेल्या माणसानं पहाऱ्यावरच्या शिपायांकडून किती भुतं ऐकली असतील! त्यांचा असा सदुपयोग दुसऱ्या कोणी केला नाही.

उतरताना चिनी महालापाशी थांबलो. आता नुसत्या भिंती उभ्या आहेत, त्यांवर निळ्या-पांढऱ्या फरशांचे काही तुकडे चिकटलेले. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा इथं कैदेत होता. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर औरंगजेबानं त्याला इथं आणलं, आणि सुमारे बारा वर्षांनी तो इथंच मेला. तेलुगू मुलखात त्याच्याबद्दल एक कथा आहे. भद्राचलमचं मंदिर बांधायला सरकारी वसूल वापरला म्हणून तानाशहानं आपल्या तहसीलदाराला, भक्त रामदासाला, गोवळकोंड्याच्या कोठडीत बारा वर्षं डांबलं होतं. एका रात्री दोन देखणे तरुण येऊन सगळा पैसा चुकता करून गेले; ते राम-लक्ष्मण होते. सुलतानाच्या वाट्याला तशीच बारा वर्षं आली, हा योगायोग लोकांच्या नजरेतून कसा सुटेल? फेड करणारे दोन तरुण मात्र चिनी महालात आले नाहीत. महालाजवळच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे, मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं घडवलेली, औरंगजेबाचं नाव कोरलेली. कैद्याच्या जवळच मालकाची तोफ.

तानाशहाचं भूत मी विचारलं नाही. चिनी महालात भूत सांगायला कोणी थांबतच नाही. ऊन असतं, सावली नसते, आणि बाहेर उसाचा रस मिळतो.

माझं मत सांगायचं तर अंधारी ही भीती तयार करण्याची जागा आहे आणि ती आपलं काम आजही चोख बजावते. सहलीतल्या पोरांना, सेलूच्या म्हाताऱ्यांच्या चुलत्याला, मलाही तिथं जे वाटलं ते बाराव्या-तेराव्या शतकापासून पुढच्या पाथरवटांनी ठरवून घडवलेलं आहे. त्याचं श्रेय भुतांना देणं म्हणजे त्या कारागिरांवर अन्याय. भुतं शोधायचीच असतील तर दरबाराच्या जागी, वेशीवर आणि उंदरांच्या खड्ड्यात शोधावीत. तिथं माणसांनी माणसांचं जे केलं त्याला नाव आणि साल आहे.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे आणि संध्याकाळी बंद होतो, म्हणून रात्रीच्या तलवारींचा आवाज तपासायची सोय नाही. पायऱ्या साडेसातशेच्या घरात आहेत. गुडघ्यांचा विचार करून ठरवा. बॅटरी आणि पाणी सोबत ठेवा, खाण्याच्या पिशव्या वानरांपासून जपा, आणि अंधारीत मोबाइलच्या उजेडात पायऱ्यांची उंची मुद्दाम पाहा. त्याच दिवशी पुढं खुलताबादला जा. तानाशहाची कबर तिथं आहे, आणि त्याला कैदेत ठेवणाऱ्या औरंगजेबाचीही त्याच गावात आहे. लोक औरंगजेबाची पाहून परततात. तानाशहाची विचारून घ्या, दाखवणारा माणूस मिळतो.